पिवळं पेडल विकताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. माझ्याकडून नेलेलं बॉस कंपनीचं ओडीबी-३, बेस गिटारचा आवाज फाडणारं ते पिवळं पेडल, आता विकायचं म्हणतोस, कारण 'आवाज पातळ वाटतो'. आधी सांग, बॅलन्सचा नॉब कुठे ठेवतोस? त्याच्या एका टोकाला नुसता फाटलेला आवाज असतो, दुसऱ्या टोकाला नुसता स्वच्छ. गेल्या शिमग्यात तुझा नॉब पूर्ण फाटलेल्या टोकाला होता आणि गेनही, म्हणजे आवाज किती फाडायचा तो नॉब, शेवटपर्यंत. बेसची जाड ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. आवाज फाडताना हा खर्जच आधी मार खातो, म्हणून त्यात स्वच्छ आवाज मिसळायची सोय ठेवलेली असते. चार दिवस बॅलन्स मध्यावर ठेवून वाजव. तरी नकोसं झालं तर खुशाल विक.

विकायचंच ठरलं तर फोटो काढण्याआधी ते उघड. पुढचा मोठा स्क्रू हाताने सैल केला की पाय ठेवायचा भाग वर उचलतो, खाली ९ व्होल्टची बॅटरी. मी एकदा हे केलं नव्हतं. जुनं एक डिस्टॉर्शन पेडल कणकवलीच्या पोराला 'एकदम नव्यासारखं' म्हणून दिलं. आत विसरलेली बॅटरी दोन पावसाळ्यांत पाझरली होती, क्लिप हिरवीगार. पोरगा वावगं काही बोलला नाही, नुसता फोटो पाठवला. पैसे त्याच रात्री परत केले, पण त्याने पुन्हा माझ्याकडून साधी केबलही घेतली नाही.

तुझं घर मिऱ्याच्या वाऱ्यात. तिथे खार सगळीकडे बसते, जॅकमध्ये, नॉबच्या आत, स्क्रूच्या डोक्यावर. नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून वीसेक वेळा मागेपुढे फिरव, बहुतेकदा जाते. बिजागरीला मारतात तो तेलकट स्प्रे मात्र नको. स्क्रूंवरचा गंज घासून लपवू नकोस. जवळून फोटो काढ आणि लिही, 'समुद्राकाठी वापरलंय, स्क्रू गंजलेत, आवाजाला त्रास नाही.' किनाऱ्यावरचा माणूस हे वाचून उलट निर्धास्त होतो. खालचं रबर काढून वेल्क्रो चिकटवलं असशील तर तेही लिही.

आवाजाचा नमुना मोबाइलसमोर धरून रेकॉर्ड करू नकोस, खर्ज त्यात येतच नाही. ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे वाद्य कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रातून घे आणि हेडफोनवर ऐकायला सांग. आधी नुसता बेस, मग पेडल दाबून, मग ढोलकी-कीबोर्डबरोबर. हे पेडल एकटं ऐकलं की डबीत माशी अडकल्यासारखं वाटतं. सगळ्यांबरोबर वाजलं की जागेवर बसतं. निम्मी गिऱ्हाइकं या माशीला घाबरूनच पळतात.

किंमत आज नव्याची काय चाललीय ते बघून ठरव. तू मला काय दिलेस ते विसर. मी असतो तर नव्याच्या निम्म्याहून थोडी वर सांगितली असती आणि एकदाच उतरलो असतो. गणपतीच्या आधी काढ, तेव्हा बेंजोवाले आणि ऑर्केस्ट्रावाले सामानाच्या शोधात असतात.

गिऱ्हाइकाला एसटी स्टँडवर भेटू नकोस, तिथे अँप कुठून आणणार? तालमीच्या जागी बोलाव, त्याला त्याचा बेस घेऊन यायला सांग. लांबचा कोणी 'पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाक' म्हणाला की फोन ठेव. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. पार्सल करायचं झालं तर बॅटरी काढ, आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांध, मग बबल रॅप. आषाढातल्या पार्सलवर माझा काडीचा विश्वास नाही. अॅडॉप्टर देणार असलास तर त्यावर चिठ्ठी लाव: ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह. कीबोर्डचा अॅडॉप्टर खुपसणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत.

मूळ खोकं तेव्हा तुला द्यायचं राहिलं होतं. परवा माळ्यावर सापडलं, रविवारी येऊन ने. एक कोपरा झुरळांनी खाल्लाय. तेही लिही.

तुझा,
काका