शेरूची खाज आणि आईचं घामोळं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आमचा शेरू गावठी, दीड वर्षाचा, वजन 18 किलो. गणपतीनंतर जी खाज सुरू झाली ती थांबेना. रात्रभर खराखरा खाजवतो, घरात कोणाला झोप नाही. कानांच्या कडा, कोपरं आणि पोटाखालचे केस गेलेत, वर खपल्या धरल्यात. इथल्या डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासली, काही सापडलं नाही. अ‍ॅलर्जी असेल म्हणाले. दोन इंजेक्शनं झाली. दर वेळी आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच. चिकन बंद करून पंधरा दिवस झाले, फरक नाही. शेजारी म्हणतात, गॅरेजमधलं जळकं ऑइल चोळा. चोळू का?
ता. क. : गणपतीत एसटी स्टँडवरचं एक लुतीचं पिल्लू दहा दिवस सांभाळलं होतं, मग गुहागरच्या एकांनी नेलं. हल्ली आईच्याही हातांवर नि पोटावर पुरळ आलंय. तिच्या मते घामोळं.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ऑइल अजिबात नको. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे ते सगळं पोटात जाणार. शिवाय सोललेल्या कातडीची आग होईल ती वेगळीच.

वाचकांची पत्रं मी शेवटून वाचते. मुद्द्याचं हमखास ता. क.मध्ये सापडतं. लुतीचं पिल्लू, त्यानंतर शेरूची खाज, त्यानंतर आईचं पुरळ. मला तरी ही खरूजच वाटते. सार्कोप्टिस नावाचा, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान किडा कातडीत बोगदे करून अंडी घालतो. कानांच्या कडा, कोपरं, पोट या त्याच्या ठरलेल्या जागा. पिसवांची अ‍ॅलर्जी असती तर केस कमरेवरून, शेपटीच्या मुळाशी गेले असते. लुतीचा दुसरा किडा, डेमोडेक्स, केसांच्या मुळाशी राहतो. तो पिल्लाला पहिल्या काही दिवसांत आईकडून मिळतो, माणसाला लागत नाही आणि सुरुवातीला फारशी खाजही आणत नाही.

घरी एक करून बघा. शेरूच्या कानाची कड दुमडून चिमटीत हलके चोळा. त्याच बाजूचा मागचा पाय हवेत खाजवू लागला, तर संशय पक्का होतो. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं.

खरवडून काही सापडलं नाही याचा दोष डॉक्टरांना देऊ नका. हा किडा काचपट्टीवर आला तर नक्की. आला नाही म्हणून तो नाहीच, असं म्हणता येत नाही. अशा वेळी औषध देऊन बघणं हीच तपासणी. पण त्या इंजेक्शनांत काय होतं, ते कागदावर लिहून घ्या. स्टेरॉइड असेल तर आठ दिवसांच्या आरामाचा उलगडा होतो. खाज दबली, किडा जागेवरच. अ‍ॅलर्जी असतेही, पण किडे आणि जंतुसंसर्ग निकालात काढल्यावर तिच्याकडे वळायचं.

हल्ली वजनानुसार चावून खायच्या गोळ्या मिळतात : फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर, सारोलेनर. गोचीड, पिसवा आणि हे किडे, तिन्हींवर चालतात. शेरूला कधी फिट आली असेल तर गोळीआधी डॉक्टरांना सांगा. आयव्हरमेक्टिन स्वस्त म्हणून मेडिकलमधून आणून स्वतः देऊ नका. कोलीसारख्या जातींत आणि त्यांच्या संकरात ते मेंदूपर्यंत पोचून जीवावर बेतू शकतं. घरात आणखी कुत्री असतील तर ती खाजवत नसली तरी त्यांनाही उपचार हवेत. शेरूचं पोतं, चादर गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. सुरुवातीला खाज वाढल्यासारखी वाटेल. घाबरू नका, महिनाभर धीर धरा. खपल्यांखाली पू किंवा कुबट वास असेल तर त्याचं औषध वेगळं. अंघोळीला माणसांचा साबण नको. औषधी शाम्पू दिलाच तर घड्याळ लावून दहा मिनिटं अंगावर ठेवा. लोक लावतात आणि लगेच धुतात, मग म्हणतात गुण नाही.

चिकन परत सुरू करा, बिचाऱ्याचा काही गुन्हा नाही. खाण्याची अ‍ॅलर्जी पारखायची तर किमान आठ आठवडे एकच, कधी न खाल्लेलं अन्न द्यावं लागतं, तेही बिस्किटाचा तुकडा न देता. तुमच्या पंधरा दिवसांवरून काहीच ठरत नाही.

आईंना त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, आणि कुत्र्याला खरूज असल्याचा संशय आहे हे आधी सांगा. कुत्र्याचा हा किडा माणसावर सहसा वस्ती करत नाही; कुत्रं बरं झालं की पुरळ उतरतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पिल्लाने मलाही हा प्रसाद दिला होता. सासूबाईंनी माझं अंथरूण तीन आठवडे माजघरात टाकलं होतं.

आणि गुहागरला आजच फोन करा. ते पिल्लूही खाजवत असणार, आणि त्या घरातही कुणीतरी घामोळ्याची पावडर लावत असेल.