सनबर्स्टला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: नवी इलेक्ट्रिक गिटार घेतली, फिनिश (रंग आणि वरचा थर मिळून) ‘थ्री-टोन सनबर्स्ट’. त्या खरेदीबद्दल मराठीत लिहायचंय. सनबर्स्टला सूर्यस्फोट, सूर्यकिरणी की धूपछाव म्हणावं? आणि थ्री-टोन म्हणजे ‘तीन रंगांची’ चालेल का?

आधी सूर्यस्फोट बाद करू. या शब्दाने डोळ्यांपुढे खगोलशास्त्र उभं राहतं. सनबर्स्ट म्हणजे मुळात ढग बाजूला होऊन एकदम पडलेलं ऊन; त्यात काही फुटत नाही. सूर्यकिरणीही नको, कारण गिटारवर किरण नसतातच. मधोमध उजळ रंग, तो कडेकडे गडद होत गेलेला, आणि कुठेही रेघ मारल्यासारखी सीमा नाही, एवढंच असतं. सूर्यकिरणी म्हटलं की वाचणारा मध्यातून फाकलेल्या सोनेरी रेषा शोधू लागेल.

धूपछाव मात्र मोह पाडणारा शब्द आहे. पण तो कापडाचा. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या रंगाचे, म्हणून कापड हललं की रंग पालटतो. सनबर्स्टचा पिवळा कुठूनही पाहिला तरी पिवळाच. गंमत म्हणजे त्याच गिटारवर धूपछाव म्हणण्यासारखी दुसरी गोष्ट असू शकते: फ्लेम मेपल या लाकडाचे पट्टे. तिथे लाकडाचे रेषे लाटांसारखे वळलेले असतात, त्यामुळे गिटार थोडी कलती केली की उजळ पट्टा काळपट होतो आणि काळपट उजळतो. स्वस्त गिटारांवर कधी कधी अशा पट्ट्यांचं छापील चित्र चिकटवलेलं असतं. ते कितीही कलतं केलं तरी जसंच्या तसं राहतं. पातळ व्हिनियर असेल तर पट्टे हलतात, कारण ते खरंच लाकूड असतं, फक्त अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं. तेव्हा धूपछाव हा शब्द पट्ट्यांसाठी राखून ठेवावा, बर्स्टसाठी सनबर्स्टच लिहावं. वाजवणारे, विकणारे, दुरुस्त करणारे सगळे तोच शब्द वापरतात.

आता थ्री-टोन. ‘तीन रंगांची’ म्हटलं की तीन वेगळे पट्टे रंगवल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात आधी सगळ्या बॉडीला पारदर्शक पिवळा किंवा अंबरी रंग देतात. मग स्प्रेगनने मध्य आणि काठ यांच्यामध्ये पारदर्शक लाल, शेवटी काठावर काळा किंवा गडद तपकिरी, आणि सगळ्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. पिवळ्यावर पारदर्शक लाल चढतो तिथे नारिंगी दिसतो. नारिंगी कुणी मारलेला नसतो. म्हणून ‘तीन छटांची’ म्हणावं. टू-टोनमध्ये मधला लाल नसतो. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर ही गिटार 1954 मध्ये आली ती टू-टोनमध्ये, लाल 1958 मध्ये आला. त्या सुरुवातीच्या लालपैकी बराच उजेडाने उडाला, त्यामुळे तेव्हाच्या काही थ्री-टोन गिटार आज टू-टोनच वाटतात.

फिनिश मात्र त्याहून जुनं आहे. 1920च्या दशकात गिब्सन कंपनीच्या आर्चटॉप (कमानीसारखा फुगीर वरचा भाग असलेल्या) गिटारांवर ते होतं. नुसतं ‘बर्स्ट’ म्हटलं तर जाणकारांना 1958 ते 1960 मधली गिब्सन लेस पॉल आठवते. तिथे शब्द विशेषण राहत नाही, नाम होतो. या लेस पॉलवरचा लालही तसाच उजेडाने उडाला. आज त्यांतल्या कुणाचा मध सांडल्यासारखा रंग झालाय, कुणाचा फिका लिंबाळ.

उपनावांचं भाषांतर करू नये. हनी बर्स्टला मधाळ म्हणायचा मोह होतो, पण मधाळ असतं हसू किंवा बोलणं. चेरी सनबर्स्टमध्ये काठ लाल असतो, तिथे ‘काळ्या काठाची’ लिहिलं तर चूक. टोबॅको बर्स्ट तपकिरीकडे झुकतो. सिल्व्हरबर्स्टमध्ये मधला भाग चंदेरी असतो, त्यात लाकूड दिसतच नाही, म्हणून रेष्यांचं कौतुक तिथे करू नये.

काळ्या काठाबद्दल थोडं सविस्तर, कारण वर्णन करणारे इथेच घसरतात. तो काठ बहुतेकदा अपारदर्शक असतो आणि त्याखाली सांधे, रेष्यांची न जुळलेली दिशा वगैरे लपून जातं. बॉडी दोन-तीन तुकडे जोडून केलेली असणं यात दोष काही नाही. पण ‘रेषे काठापर्यंत दिसतात’ असं लिहिण्याआधी उजेडात पाहून घ्यावं. काळा आणि लाल यांच्यामध्ये धूसर पट्टा हवा. तिथे कडक रेघ दिसली तर स्प्रे घाईत झालाय. काठाच्या गोलाईवर एखादा फिका ठिपका दिसला तर घासताना क्लिअर कोट ओलांडून रंगापर्यंत गेलेत. एकरंगी गिटारवर असा ठिपका भरून काढता येतो. इथे भोवतालची प्रत्येक छटा जुळवावी लागते, म्हणून दुरुस्ती अवघड.

फिनिशला पॉलिश म्हणू नये. पॉलिश ही करण्याची क्रिया किंवा पुसायचं द्रव्य. फिनिश म्हणजे रंग आणि वरचा थर मिळून. वरच्या पारदर्शक थराला रोगण चालेल. तो नायट्रोसेल्युलोजचा असेल तर स्टँडच्या रबराने डाग पडतो, मध्ये सुती कापड ठेवावं. पॉलियुरेथेन त्या मानाने निर्धास्त.

व्याकरण सोपं आहे. गिटार बहुतेकजण स्त्रीलिंगी वापरतात. सनबर्स्ट विकाररहित: सनबर्स्ट गिटार, सनबर्स्टमधली गिटार. ‘सनबर्स्टी’ कृपया नको.

खरेदीच्या आनंदाला ‘नवलाई’ हा उत्तम शब्द आहे, आणि वस्तूला ‘नवीकोरी’. करकरीत नको, तो नोटांना आणि कापडाला शोभतो. वाक्य असं होईल: ‘नवीकोरी गिटार, थ्री-टोन सनबर्स्टमधली, मधोमध अंबरी, पुढे लालसर, काठाला काळी, आणि पिकगार्डच्या खालच्या बाजूला लाकडाचे रेषे स्वच्छ दिसणारी.’ पिकगार्ड (बॉडीवर ओरखडे पडू नयेत म्हणून तारांजवळ बसवलेली पट्टी) पांढरं असेल तर तेही लिहावं, कारण बर्स्टचा बराच मधला भाग त्याखालीच झाकला जातो.