लक्ष्मी रोडवर खरेदीला सोबत पुणेकर हवाच का?

तुम्ही विचारलंय की बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला पहिल्यांदाच पुण्यात येताय, लक्ष्मी रोड एका दिवसात उरकतो का आणि सोबत तिथला माहीतगार माणूस असलेला बरा का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नको.

आम्ही सोलापूरचे, पद्मशाली. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी, आणि आजोबांच्या काळापर्यंत माजघरातच माग. साड्यांसाठी आम्ही पुण्याला जाणं म्हणजे खरं तर उसाच्या फडातून उठून रस प्यायला गावात जाण्यासारखं. पण मोठ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, तेव्हा दहा वर्षं पुण्यात राहिलेले. धाकटीच्या साखरपुड्यात त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं, "बस्ता लक्ष्मी रोडलाच." जावयाचा शब्द. वडील मान हलवून मोकळे झाले.

२०११ चा मे महिना. सकाळची हुतात्मा पकडून आम्ही सातजण साडेदहाच्या सुमारास पुणे स्टेशनात उतरलो. परतीची हुतात्मा संध्याकाळी सहाची. दाजी म्हणाले, भरपूर वेळ आहे.

आणि सुरुवात खरंच झकास झाली. आहेराच्या साड्या, मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, सगळं दीड वाजेपर्यंत उरकलं. नवरीची पैठणी तेवढी राहिली होती. जेवण झाल्यावर आई हळूच म्हणाली, "मला एक साधी नारायणपेठी बघा. बारीक चौकडीची, लाल पदराची." संबंध बस्त्यात तिने स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट.

दाजी ताडकन उठले. "मग दुकानात कशाला? नारायण पेठ इथं पाच मिनिटांवर. जिथं विणतात तिथंच नेतो. मधल्या दुकानदाराचे पैसे वाचतील."

आईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. नारायणपेठी साडी ज्या गावावरून ओळखली जाते ते नारायणपेठ तेव्हा आंध्रात होतं, महबूबनगर जिल्ह्यात. आई लहानपणी तिथे लग्नाला जाऊन आलेली, घराघरातल्या मागाचा खटखटाट ऐकून आलेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझा हात दाबला. जावयाचं तोंड पडायला नको.

मग भर मे महिन्यात, दुपारी अडीच वाजता, बस्त्याच्या पिशव्या दोन्ही हातांत घेऊन, सात सोलापूरकर पुण्याच्या नारायण पेठेत माग शोधत फिरले. केळकर रोड झाला, पत्र्या मारुती झाला, मोदी गणपती झाला. पुस्तकं दिसली, वह्या दिसल्या, लग्नपत्रिका दिसल्या. शेवटी केसरीवाड्याजवळ एक आजोबा ओट्यावर बसले होते, त्यांना दाजींनी विचारलं, "इथं साड्या विणतात ते कुठं?"

आजोबांनी आम्हाला आणि आमच्या पिशव्यांना नीट बघून घेतलं. "इथं? इथं पेपर छापायचे."

दाजी वळून आम्हाला म्हणाले, "बंद पडले असतील माग."

या एका वाक्यासाठी मी गेली कितीतरी वर्षं उत्तर लिहायची संधी शोधत होतो.

परत लक्ष्मी रोडला येईपर्यंत चार वाजले. आता पैठणी घ्यायची ती घाईत. दुकानाचं नाव सांगत नाही. पांढरी गादी, वर पंखे, आणि पत्ते पिसावेत तशा साड्या फेकणारा माणूस. "येवल्याची आहे, हातमागाची," तो म्हणाला. आईने सवयीने पदर उलटा करायला हात घातला, तर त्याने साडी ओढून घेतली. "काकू, घडी मोडू नका." वर दाजी, "आई, इथं एकच भाव असतो. इथं फसवत नाहीत." जणू एक भाव असला की मालही एकच असतो.

आईला तेवढ्यात वीतभर उलटी बाजू दिसली होती. स्टेशनला जाताना रिक्षात तिने मला सांगितलं, यंत्रमागाची आहे. मी चिडलो, मग बोलली का नाहीस? म्हणाली, गाडी चुकली असती. ७,२०० रुपये. लग्नात सप्तपदीच्या वेळी बहिणीच्या हिरव्या चुड्यात पदराच्या आतला धागा अडकला आणि एका मोराची मान उसवली. फोटोत तेवढा भाग तिने हाताने झाकलाय.

म्हणून सांगतो, पदर उलटा करा. हातमागाच्या अस्सल पैठणीत नक्षीतल्या प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेतच फिरून परत येतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवलेला असतो, त्यामुळे मोर पुढून जसा तसाच मागून दिसतो. यंत्रावर रंगाचे धागे नक्षीच्या मागून आडवे धावतात आणि नंतर कापले जातात, मग उलट्या बाजूला त्यांची टोकं नाहीतर लोंबते धागे राहतात. बोट फिरवलं तरी कळतं. एवढं कळायला पुणेकर लागत नाही, आणि "घडी मोडेल" म्हणणाऱ्याच्या दुकानातून उठायला तर अजिबात लागत नाही.

बाकी तुमचा पहिला प्रश्न. होतो एका दिवसात, नवरीची साडी सगळ्यात आधी घेतली तर. आम्ही ती शेवटी ठेवली, तिथेच चुकलो. गाडी आणू नका. रस्ता एकेरी, आणि मंडईजवळच्या मिनर्व्हा किंवा आर्यन वाहनतळात जागा मिळेपर्यंत निम्मा उत्साह संपतो. स्वारगेटला उतरणार असाल तर २०२४ पासून मेट्रो आहे, पुढचंच स्टेशन मंडई. बायकांनी तिथलंच स्वच्छतागृह गाठून घ्यावं, रोडवर हाल होतात. मोठ्या साडीच्या दुकानांत घासाघीस करायला जाऊ नका, सगळी हौस तुळशीबागेत फेडा, तिथे नाही केली तर विकणाऱ्यालाच चुकल्यासारखं होतं. मिसळ खायची तर तुळशीबागेतच श्रीकृष्ण भुवन. एक ते चार बंदचा विनोद पुण्यात करू नका, तो त्यांनी आपल्यापेक्षा जास्त ऐकलाय. आणि तारीख हातात असेल तर ११ डिसेंबर बघा, पादचारी दिन म्हणून त्या दिवशी महापालिका रोडचा काही भाग वाहनांना बंद ठेवते. मे महिन्यात जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग म्हणा.

हेही सांगायला हवं की यंत्रमागाची साडी काही वाईट नसते. अर्धं सोलापूर यंत्रमागावर जेवलंय. यंत्रमागाची म्हणून, यंत्रमागाच्या भावात विकली तर माझी काही तक्रार नाही. आणि सगळी दुकानं तशी नाहीत. गेल्या वर्षी चुलत बहिणीच्या बस्त्याला मी स्वतः गेलो होतो, पंधरावीस पदर उलटे केले, सेल्समनने न सांगता मागची बाजू दाखवली आणि वर चहा पाजला. तेव्हा दाजींना नेलं नव्हतं, हा योगायोग समजा. तुमच्या ओळखीचा पुणेकर पिशव्या उचलायला तयार असेल तर जरूर न्या.

आईची नारायणपेठी आम्ही त्याच आठवड्यात सोलापुरात घेतली, घरापासून दोन गल्ल्यांवर. ती अजून नेसते. २०१९ साली तेलंगणात नारायणपेठ हा वेगळा जिल्हा झाला, त्या दिवशी मी ती बातमी दाजींना व्हॉट्सॲपवर पाठवली, खाली एक शब्दही न लिहिता. रात्री त्यांचं उत्तर आलं:

"अरे वा, तिकडेही आहे वाटतं एक?"