हलकी रायफल बनवून घेण्याआधी

अरे, सव्वादोन किलोची रायफल हातात घेतली की कुणीही भुलतो. कोलोरॅडोत दहा हजार फुटांवर एल्कमागे, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणामागे, चढताना तो हलकेपणा कळतोही. पण सांगितलेलं वजन बहुधा नुसत्या रायफलीचं असतं. दुर्बीण, पट्टा, काडतुसं धरून काट्यावर ठेव, मग बोलू.

वजन नेमकं कुठून काढलंय ते विचार. वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्स यांनी १९८०च्या दशकात अल्ट्रा लाइट आर्म्सच्या रायफली काढल्या, तेव्हा केवलार-ग्रॅफाइटचा हलका पण ताठ दस्ता वापरला. ही खरी कारागिरी. नुसती नळी तासून बारीक केली, तर ती लवकर तापते आणि नेम सरकू शकतो. म्हणून गार नळीतली पहिली गोळी कुठे लागते ते बघ, तेही वेगवेगळ्या दिवशी. एल्क काही पाचवी गोळी लागेपर्यंत उभा राहत नाही!

डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं भरून बोल्ट (काडतूस आत-बाहेर करणारा दांडा) आधी सावकाश, मग झटक्यात ओढ; कुठे अडकता कामा नये. धक्क्याचं गणित सरळ आहे: काडतूस तेच, वजन कमी, म्हणजे खांद्याला जास्त. मॅग्नमचा, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाचा, मोह सोड, सात एमएम-०८ हे मध्यम जोराचं काडतूस पुरे. दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ बसवलीस तर भुवई फुटेल.

कारागीर एकटाच असेल तर पुढे दुरुस्ती कोण करणार, ट्रिगर बाजारातला बसतो का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचार. आणि रायफल मिळण्याची तारीख लेखी घे.