वाचक विचारतात : सुरिनामला गेलेली मारिया आणि अंगणातला शंकासुर

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी जुन्या काळी परदेशात जाऊन झाडं, किडे गोळा करणाऱ्या अभ्यासकांची माहिती शोधतेय, तर जिकडेतिकडे पुरुषांचीच नावं. तीनशे वर्षांपूर्वी असं काम करणारी एखादी बाई होती का? तिला पैसे कोण द्यायचं आणि ती दिवसभर करायची काय? (एक आई, रत्नागिरी)

उत्तर : होती ना! मारिया सिबिला मेरियन. आणि ताई, तुमच्या लेकीला हिच्यावरच प्रोजेक्ट करू द्या, कारण हिची सुरुवातच साधारण शाळकरी वयात झाली. जन्म १६४७, जर्मनीतलं फ्रँकफर्ट. वडील तीन वर्षांची असताना गेले, सावत्र वडील फुलांची चित्रं काढणारे चित्रकार, त्यामुळे ब्रश-रंग घरातच. तेराव्या वर्षी हिनं रेशमाचे किडे पाळले आणि मग ते वेड आयुष्यभर सुटलं नाही. त्या काळी किडे चिखलातून, कुजक्या मांसातून आपोआप तयार होतात असं भलेभले मानायचे, आणि ही पोरगी मात्र अंडं, अळी, कोष, फुलपाखरू सगळं डोळ्यांनी बघत वहीत उतरवून ठेवत होती.

लग्न झालं, दोन मुली झाल्या, सुरवंटांवरचं पुस्तक १६७९ मध्ये आलं, नंतर नवऱ्यापासून वेगळी झाली आणि १६९१ मध्ये मुलींना घेऊन ॲमस्टरडॅमला आली. तिथे श्रीमंत लोकांच्या घरी देशोदेशीच्या फुलपाखरांचे संग्रह असायचे, ते तिनं पाहिले. पण ते सगळे मेलेले, टाचणीला टोचलेले. हे कुठल्या अळीपासून झालं, ती अळी कुठल्या झाडाचं पान खाते, हे त्या पेटीत बघून कसं कळणार? तेच बघायला ती १६९९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला निघाली. वय ५२. सोबत धाकटी मुलगी डोरोथेआ, २१ वर्षांची. दोन महिन्यांचा समुद्रप्रवास, आणि निघायच्या आधी मृत्युपत्र करून ठेवलेलं.

पैशाचं म्हणाल तर कुठल्या राजाची नोकरी नाही की कंपनीचा पगार नाही. स्वतःची अडीचशेच्या वर चित्रं विकली, त्यातून खर्च उभा केला. मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे.

आता रोजचं काम. सुरिनाम तेव्हा डच लोकांची वसाहत, सगळीकडे उसाचे मळे, आणि मळेवाले हिला हसायचे की ही बाई साखर सोडून काय शोधत बसलीय. ही पारामारिबो या तिथल्या मुख्य गावात घराच्या बागेत आणि आसपासच्या रानात फिरायची, नदीनं आत मळ्यांपर्यंतही गेली. जंगल इतकं दाट की पुढे माणसांनी कोयत्यानं वाट काढल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. अळी दिसली की ती ज्या झाडावर आहे त्याची पानं-फांदी सकट घरी आणायची, डब्यात ठेवायची, रोज ताजा पाला घालायचा आणि बघत बसायचं. उकाडा प्रचंड, अंगाला घामाच्या धारा, काही अळ्या अशा की केसाला हात लागला तरी हात सुजतो. साप-सरडे दारूच्या बरण्यांत बुडवायचे. फुलपाखरू मारताना सुईचं टोक ज्योतीत लाल करून टोचायचं म्हणजे ते लगेच मरतं आणि पंख फडफडून खराब होत नाहीत, आणि पेटीला लव्हेंडरच्या जातीचं उग्र वासाचं तेल लावायचं म्हणजे आत मुंग्या-किडे शिरत नाहीत. ही युक्ती तिनंच एका पत्रात लिहिलीय. वाचायला कठोर वाटतं पण कामच तसं होतं.

हे पाला बदलणं वगैरे किती चिकाटीचं आहे ते मला कळलं माझ्या बाल्कनीतल्या कढीपत्त्यामुळे. त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात, सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मग एक दिवस कात टाकून हिरव्यागार, आणि बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढतात, काय वास येतो त्याला! मी पाच अळ्या बरणीत ठेवल्या होत्या, वर मलमलचं कापड बांधून. दोन दिवस गावाला गेले तर पाला सुकला आणि एक मेली. तीन फुलपाखरं झाली. आणि पाचव्या कोषातून फुलपाखराच्या जागी एक बारकीशी माशी बाहेर आली, म्हणजे अळी जिवंत असतानाच तिच्यात कुणीतरी अंडी घातली होती. मी दिवसभर अस्वस्थ होते. मेरियनलाही असे कोष मिळाले होते आणि तिनं त्या माश्यासुद्धा नोंदवून ठेवल्यात, नकोशी गोष्ट म्हणून टाकून दिल्या नाहीत. तुमच्या मुलीला एक कढीपत्त्याची कुंडी आणि एक बरणी द्या, प्रोजेक्टचं अर्धं काम तिथेच होईल.

पाच वर्षं राहायचा विचार होता म्हणतात, पण तापानं ती इतकी खंगली की १७०१ मध्ये परतावं लागलं. १७०५ मध्ये सुरिनामच्या कीटकांवरचं मोठं पुस्तक आलं, ६० चित्रं, डच आणि लॅटिन दोन्ही भाषांत. त्यात किडा आणि त्याचं झाड एकाच पानावर आहेत, हे त्याचं खरं मोठेपण. गंमत म्हणजे आपल्या ओळखीची किती झाडं त्यात आहेत बघा, अननस, पेरू, पपई, काजू! ही सगळी मूळची तिकडचीच, पोर्तुगीजांच्या मार्गानं आपल्याकडे, गोव्याला-कोकणात आली आणि आपलीच होऊन गेली.

प्रश्न : मेरियनच्या एका चित्रात कोळी पक्षी खाताना दाखवलाय असं ऐकलं. हे खरं की मनानं रंगवलेलं? (बीएस्सीचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : खरं आहे. १८ नंबरचं चित्र, पेरूच्या फांदीवर मोठा केसाळ कोळी आणि त्याच्या तावडीत हमिंगबर्ड. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी लोकांनी तिला या चित्रावरून खोटी ठरवलं, बाईच्या भाकडकथा वगैरे. मग हेन्री बेट्स हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं राहून आला आणि १८६३ च्या पुस्तकात त्यानं लिहिलं की असा कोळी दोन छोट्या पक्ष्यांवर बसलेला मी स्वतः पाहिला. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं तर त्या कोळ्याला पक्षी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून अव्हिक्युलारिया हे नाव आधीच देऊन टाकलं होतं.

चुका तिच्याही आहेत. लांब नाकाडाचा एक किडा रात्री इतका उजेड देतो की त्यात वर्तमानपत्र वाचता येईल असं तिनं लिहिलंय, तो किडा मुळीच उजेड देत नाही. पण एवढ्यावरून अख्खं पुस्तक मोडीत काढणारे लोक स्वतः किती दिवस त्या जंगलात बसले होते हे विचारावंसं वाटतंच.

प्रश्न : आमच्या अंगणात शंकासुर आहे. सासूबाई म्हणतात शेंगा विषारी आहेत, काढून टाका. झाड मूळचं इथलंच का? (सावंतवाडी)

उत्तर : हा प्रश्न याच अंकात आला हे किती बरं झालं, कारण मेरियनच्या ४५ नंबरच्या चित्रात शंकासुरच आहे! तीच लाल-पिवळी फुलं, तेच बाहेर आलेले लांब केसर, सोबत अळी आणि पतंग. झाड अमेरिकेकडचं मानतात, फार पूर्वी उष्ण देशांत सगळीकडे पसरलं.

या चित्राखाली तिनं जे लिहिलंय ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. डच मालकांकडे राबणाऱ्या तिथल्या मूळ रहिवासी बायका आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलाम बायका या झाडाच्या बिया गर्भ पाडायला वापरायच्या, आपलं मूल आपल्यासारखं गुलाम होऊ नये म्हणून. आणि हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, असं ती लिहिते. कुठल्या झाडाचं काय होतं, कुठली अळी कुठे सापडते हे ज्ञान तिला बऱ्याच अंशी याच लोकांकडून मिळालं. तिच्यासाठी वाट तोडणारेही गुलामच होते, हे विसरून तिचं कौतुक करता येत नाही. मायदेशी येताना एका मूळ रहिवासी बाईला तिनं बरोबर आणलं, पण पुस्तकात तिचं नाव नाही.

मला इथे राहून राहून व्हान रीड आठवतो, कोचीनचा डच गव्हर्नर. मलबारच्या वनस्पतींवरचा त्याचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ मध्ये, त्याच ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांचं, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं निवेदन नावासकट छापलंय, तिघांचं तर नागरी लिपीत. म्हणजे नावं छापता येत होती, त्याच शहरात, त्याच काळात. सुरिनामच्या त्या बायकांची मात्र कुणी लिहून घेतली नाहीत.

तर ताई, सासूबाईंचं बरोबर आहे, बिया पोटात जायला नकोत, औषध म्हणून तर घरी मुळीच वापरू नका. पण त्यासाठी झाड कशाला तोडायचं? घरात लहान मुलं असतील तर शेंगा हिरव्या असतानाच खुडून टाका, वाळल्या की तडकून बिया अंगणभर उडतात. फुलं राहू द्या, सकाळी त्यावर फुलपाखरं येतात ती बघा. आणि पानावर एखादी अळी दिसली तर लगेच फवारा मारू नका, फांदीसकट फोटो काढून मला पाठवा.