गन डायोडच्या जुन्या सेटवर 10 गिगाहर्ट्झची सुरुवात करता येईल का? एकट्याला जमेल का?

तुम्ही लिहिलंय की हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हातात आहे, दोन मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर रोज बोलणं होतं, आणि एका कॉलेजच्या भंगारातून गन ऑसिलेटर, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी निर्माण करणारा भाग, मिळतोय. त्यावर मायक्रोवेव्हची सुरुवात होईल का, हा तुमचा प्रश्न.

होईल. माझी स्वतःची सुरुवात तशीच झाली आणि इतकं शिकवणारा सेट मला नंतर दुसरा मिळाला नाही. एकट्याला मात्र जमणार नाही. आधी जोडीदार शोधा आणि त्याच्यासाठीही एक ऑसिलेटर उचला.

जोडीदार का हवा, ते या सेटच्या रचनेतच आहे. पितळेची एक छोटी पोकळी, तिच्यात गन डायोड. त्याला आठ-दहा व्होल्ट डीसी दिले की तो थेट 10 गिगाहर्ट्झच्या आसपास आंदोलनं सुरू करतो. क्रिस्टल नाही, मल्टिप्लायरची साखळी नाही. ताकद साधारण 10 मिलिवॉट. पुढे वेव्हगाइडमध्ये, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ नळीत, दोन लहरी मिसळणारा मिक्सर डायोड बसवलेला असतो. प्रक्षेपणातला थोडासा भाग त्या मिक्सरवर पडतो आणि तोच तुमच्या रिसीव्हरचा लोकल ऑसिलेटर, म्हणजे आलेल्या सिग्नलशी मिसळायची घरची लहर, होतो. म्हणजे तुमचा ट्रान्समीटर बंद केला की तुमचा रिसीव्हरही बहिरा. दोघांनी सतत चालू राहायचं, आणि दोघांच्या फ्रिक्वेन्सीत नेमका आयएफएवढा (मिक्सरमधून निघून रिसीव्हरला जाणाऱ्या खालच्या फ्रिक्वेन्सीएवढा) फरक ठेवायचा. अमेरिकेत गनप्लेक्सर नावाने जे सेट गाजले त्यांवर 30 मेगाहर्ट्झचा आयएफ सर्रास असे: एकजण 10.250 गिगाहर्ट्झवर, दुसरा 10.280 वर. पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबायचं नाही, ‘ओव्हर’ म्हणायचं नाही, टेलिफोनसारखं एकाच वेळी दोघं बोलतात. पहिल्यांदा हेडफोनमध्ये माझाच आवाज ऐकून मी दचकलो होतो. पण ते बरोबरच आहे, कारण तुमचं मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर चढवलेला आवाज, तुमच्या लोकल ऑसिलेटरवरही चढलेलं असतं.

जोडीदार मिळेपर्यंत घरी एक प्रयोग जरूर करा. मिक्सरचं आउटपुट साध्या ऑडिओ अँप्लिफायरला जोडा आणि हॉर्नसमोरून (वेव्हगाइडच्या तोंडाला लावलेल्या कर्ण्यासारख्या अँटेनासमोरून) चाला. सेकंदाला एक मीटर वेगाला साधारण 70 हर्ट्झ, म्हणजे नेहमीच्या चालीला शंभरच्या जवळपासचा घुंकार ऐकू येतो. थांबलात की तो थांबतो. गन चालतोय आणि मिक्सर जिवंत आहे, हे दोन्ही त्यातून कळतं. महागड्या मीटरची गरज नाही.

आता जपण्याच्या गोष्टी. गनला उलटी ध्रुवता लागली की तो गेला, म्हणून सप्लायमध्ये आधी संरक्षक डायोड घाला. रेग्युलेटर वापरा आणि गनच्या टोकांपाशीच 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर तो खालच्या फ्रिक्वेन्सीवर भलतीच आंदोलनं करतो. मिक्सर डायोड त्याहून नाजूक. माझा पहिला मिक्सर अर्थिंग नसलेल्या सोल्डरिंग आयर्नने गेला. टोक लावलं, काही दिसलं नाही, वासही नाही, आणि त्यानंतर घुंकार कायमचा बंद. तेव्हापासून मी मिक्सरची दोन टोकं तारेने शॉर्ट ठेवतो आणि सगळं जोडून झाल्यावर शेवटी ती तार काढतो. आणि 10 मिलिवॉट कमी असले तरी चालू हॉर्नला डोळा लावून आत बघू नका.

हॉर्न विकत घेऊ नका. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा सोल्डर छान धरतो. तोंड साधारण 9 बाय 7 सेंटीमीटर ठेवलं की 17 डीबीच्या आसपास गेन मिळतो. मागचं टोक वेव्हगाइडच्या आतल्या मापाला, म्हणजे 22.86 बाय 10.16 मिलिमीटरला, बसलं पाहिजे. कॉलेजातल्या एक्स-बँड (10 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या) प्रयोगाच्या बेंचचा वेव्हगाइड याच मापाचा असतो. गन ऑसिलेटरबरोबर फ्रिक्वेन्सी मीटरही भंगारात निघत असेल तर तो सोडू नका. मायक्रोमीटरसारखा तो दांडा फिरवता फिरवता डिटेक्टरचा काटा एका जागी टपकन खाली जातो, आणि तीच तुमची फ्रिक्वेन्सी. त्याच्याशिवाय दोघं एकमेकांना शोधत दिवस घालवाल.

कारण या सेटवर खरी लढाई ताकदीशी नसते, सरकणाऱ्या फ्रिक्वेन्सीशी असते. गनप्लेक्सरसारखा सेट एका अंश सेल्सियसला साधारण 350 किलोहर्ट्झ सरकतो. उन्हात पितळ दहा अंशांनी तापलं की साडेतीन मेगाहर्ट्झ गेले, आणि तुमचा एफएम रिसीव्हर जेमतेम 200 किलोहर्ट्झ रुंद. म्हणून सेट थर्माकोलच्या डब्यात ठेवा, अर्धा तास आधी चालू करा, आणि व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी हलवणारा डायोड) असेल तर एएफसी, म्हणजे फ्रिक्वेन्सी आपोआप धरून ठेवणारं सर्किट, लावा. त्यात एक खोच आहे: जो वरच्या फ्रिक्वेन्सीवर आहे त्याच्या आणि खालच्याच्या एएफसीची दिशा उलट लागते. ती चुकली तर सिग्नल धरण्याऐवजी सेट त्याला ढकलून लावतो. आणि एएफसी एकाच बाजूला ठेवा, दोन्हीकडे लावलात तर सेट एकमेकांच्या मागे धावत पट्ट्याबाहेर जातात.

आयएफला खिशातला एफएम रेडिओ चालतो, 100 मेगाहर्ट्झच्या आसपास. पण शहरात एफएम केंद्रं थेट घुसतात. आम्ही पर्वती ते सिंहगड हा मार्ग निवडला होता. हवाई अंतर सतरा-अठरा किलोमीटर, मध्ये अडथळा नाही, हॉर्नला अगदी आरामाचं. गडावर मात्र दूरदर्शनच्या मनोऱ्याजवळ रेडिओत नुसता कल्ला होता. मनोरा खडकाआड जाईल अशी जागा धरली, आयएफची केबल बदलून नीट शील्ड केली, आणि मग मित्र पर्वतीवरून हळूहळू गनचा स्क्रू फिरवत होता. खरखर, खरखर, आणि एकदम शांतता. एफएमची ती शांतता म्हणजे कॅरियर, म्हणजे समोरच्याची मूळ लहर, पकडला. दुसऱ्या क्षणी त्याचा आवाज आला, "ऐकू येतंय का रे?" आम्ही दोघंही नंतर मिनिटभर काहीच बोललो नाही. बोलणं जुळवायला दोन मीटरचा हँडसेट जवळ असू द्या, त्याच्याशिवाय हे जमत नाही. आणि दोन्ही हॉर्न एकाच पोलरायझेशनला, म्हणजे लहरीच्या एकाच दिशेला, ठेवा. एक आडवा, एक उभा असेल तर समोरचा डोंगर दिसत असूनही काही ऐकू येणार नाही.

गन मिळालाच नाही तर एचबी100 नावाचा, हालचाल ओळखणारा स्वस्त डॉपलर मॉड्युल बघा. त्यात गनऐवजी ट्रान्झिस्टर आहे, पण खेळ तोच. तो 10.525 गिगाहर्ट्झवर येतो आणि हौशींचा आंतरराष्ट्रीय पट्टा 10 ते 10.5 आहे, म्हणून वरचा स्क्रू फिरवून त्याला खाली आणल्याशिवाय हवेत सोडू नका. गन असो वा हा, तुमच्या दर्जाच्या परवान्यात कोणते पट्टे छापले आहेत ते आधी वाचा.

पुढे अंतर वाढवायचं झालं तर ताकद वाढवण्याच्या मागे लागू नका. 60 सेंटीमीटरची जुनी डीटीएच डिश हॉर्नपेक्षा 16-17 डीबी जास्त देते, दोन्ही टोकांना लावली तर दुप्पट. झोत मात्र साडेतीन अंशांचाच राहतो, म्हणून आधी हॉर्नने एकमेकांना शोधा, फ्रिक्वेन्सी जुळवा, आणि मगच पक्क्या ट्रायपॉडवर डिश चढवा.