जुनी स्कोडा सुपर्ब 1.8 टीएसआय ऑटोमॅटिक पुण्यात नव्याने बांधून 300 हॉर्सपॉवर करता येईल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: 2012 ची सुपर्ब 1.8 टीएसआय, सात गिअरची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), सव्वा लाखाच्या पुढे रनिंग. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते, सिग्नलवरून निघताना थरथरते. इंजिन उघडायचंच आहे तर फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) पिस्टन आणि मोठा टर्बो टाकून 300 हॉर्सपॉवर काढावी असा बेत. रोजचं जाणं-येणं वारजे ते हिंजवडी.

माझं भोसरी एमआयडीसीत मशीन शॉप आहे, इंजिनचे ब्लॉक बोअर-होन करायला, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करायला आणि आतून दगडाने घासायला, येतात. तरीही पहिला सल्ला देतो तो गिअरबॉक्सचा, कारण या गाडीत सगळं तिथेच अडतं. इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे, तो फोर्ज्ड पिस्टन-रॉडवर 300 सहज पेलेल. तुमच्या गाडीतली डीएसजी मात्र ड्राय क्लचची (तेलात न बुडणाऱ्या, कोरड्या) आहे, कंपनीच्या भाषेत डीक्यू200, आणि तिची टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराची, मर्यादा 250 न्यूटन मीटर. तुमच्या इंजिनाचा कंपनीने लिहिलेला टॉर्क किती? बरोब्बर 250. म्हणजे गाडी कारखान्यातून निघतानाच गिअरबॉक्सच्या काठावर उभी आहे.

आता हिशोब करा. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 7024 केलं की हॉर्सपॉवर मिळते (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर धरून, आपल्याकडचे ब्रोशर तोच आकडा छापतात). तुमच्या इंजिनाला 250 टॉर्क 1500 पासून 4500 आरपीएमपर्यंत सपाट मिळतो. 250 गुणिले 4500 भागिले 7024, आले 160. हाच ब्रोशरमधला आकडा. 6000 आरपीएमला 300 हवी असेल तर तिथे 351 न्यूटन मीटर लागतील, क्लचच्या मर्यादेपेक्षा शंभर जास्त. मोठा टर्बो मधल्या आरपीएमला याहूनही जास्त ढकलतो. मग क्लच घसरतो, तापतो, आणि ती थरथर आज आहे त्याच्या दुप्पट होते.

पण हाच हिशोब उलटा वाचला तर तुमच्या कामाचा आहे. 4500 च्या पुढे कंपनी टॉर्क उतरवत नेते. तो 250 वरच धरून 5500 पर्यंत नेला तर होतात 196. खाली क्लचवर एक न्यूटन मीटरही जास्त न घालता वर 36 हॉर्सपॉवर मिळाल्या, आणि एक्सप्रेसवेवर ओव्हरटेक करताना लागतात त्या तिथेच. यासाठी मूळचा टर्बो पुरतो. ट्यूनरकडे, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरचं सेटिंग (मॅप) बदलणाऱ्याकडे, गेलात की तो 320 टॉर्कची तयार फाइल दाखवेल, कारण खालचा धक्का पहिल्या राउंडलाच जाणवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. त्याला सांगा: टॉर्क 250 ला कापायचा, मला वरचा भाग भरून हवा. हे ऐकून जो तोंड वाकडं करेल त्याच्याकडे गाडी देऊ नका.

सहा गिअरची वेट क्लचवाली (क्लच तेलात बुडालेला) डीएसजी टाकता येते का? येते. डीक्यू250 साधारण 350 न्यूटन मीटर पेलते आणि आपल्याकडच्या डिझेल सुपर्बमध्ये तीच होती, त्यामुळे भंगारात सापडतेही. पण डिझेलचे गिअर रेशो तुमच्या पेट्रोल इंजिनाला जुळत नाहीत. फ्लायव्हील, माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्ट बदलावे लागतात आणि शेवटी दोन कंप्युटरांना एकमेकांशी बोलायला लावणारा माणूस शोधावा लागतो. एवढ्या पैशांत जुनी ऑक्टाव्हिया आरएस 230 बघा, तिच्यात वेट क्लच आणि 230 हॉर्सपॉवर कारखान्यातूनच येतात.

आता थरथरीबद्दल. या गिअरबॉक्सात दोन क्लच असतात: एकावर 1, 3, 5, 7 आणि दुसऱ्यावर 2, 4, 6 आणि रिव्हर्स. वारज्याहून निघून चांदणी चौक, बावधन, मग हिंजवडीची रांग, या सगळ्या प्रवासात तुमचा पहिला क्लच अर्धवट पकडलेलाच असतो आणि तोच झिजतो. इंजिन उघडण्याआधी स्कॅनर लावून दोन्ही क्लचचं तापमान आणि उरलेली झीज वाचून घ्या. मेकॅट्रॉनिकमधला (गिअरबॉक्स चालवणाऱ्या कंट्रोल युनिटमधला) तेलाचा दाब साठवणारा प्रेशर अ‍ॅक्युम्युलेटरही तपासा, तो तडकला की गिअर पडायचेच बंद होतात आणि गाडी टो करावी लागते. क्लच बदलायला निघाला तर बसवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: शिम (फट जुळवणाऱ्या पातळ चकत्या) मोजून लावता का? जुने शिम तसेच ठेवून नवा क्लच कोंबणारे बरेच आहेत. बसवल्यावर स्कॅनरने बेसिक सेटिंग करून गिअरबॉक्सला नवा क्लच शिकवावा लागतो, नाहीतर नवा क्लचही जुन्यासारखाच थरथरतो.

तेल खाण्याचं कारण मात्र लगेच पिस्टनवर ढकलू नका. आधी वरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा, क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पोकळीतली) वाफ बाहेर काढणारा. त्याचा पडदा फाटला की इंजिन क्रँककेसमधून तेलाची वाफ ओढतं. इंजिन आयडलवर असताना ऑइल फिलर कॅप उचलून पाहा. झाकण आतून जोरात ओढलं जात असेल, शिटीसारखा आवाज येत असेल, तर संशय तिथे आहे. तो बदलूनही खात राहिली तर मग ऑइल रिंग. या पिढीच्या 1.8 आणि 2.0 टीएसआयमध्ये ऑइल रिंगा बारीक होत्या आणि त्यांच्या मागची तेल परत जायची भोकं कार्बनने बुजायची. फसवी गोष्ट अशी की कॉम्प्रेशन टेस्ट चांगली येते, कारण कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात. ‘कॉम्प्रेशन ओके आहे, इंजिन ठीक आहे’ असं सांगणाऱ्या मिस्त्रीने अर्धीच गोष्ट पाहिलेली असते.

त्याच वेळी टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) बघा. जुन्या डिझाइनचा असेल तर गाडी सुरू करताना चेन सैल पडून दात सुटतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. खालच्या चेन कव्हरवर छोटं बूच असतं, त्यातून कॅमेरा घालून कुठला टेन्शनर आहे ते दिसतं. नाना पेठेत पार्ट घेताना पार्ट नंबरचं शेवटचं अक्षर पाहून घ्या, सुधारित आवृत्ती तिथेच कळते. दुकानदार ‘सगळे सेमच असतात’ म्हणेल. नसतात.

आणि मग ब्लॉक माझ्यासारख्या कुणाकडे येतो. लोक बोअर किती वाढवला एवढंच विचारतात, मी सांगतो होनिंग बघा. दिवा तिरका धरून सिलिंडरच्या आत पाहिलं की एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघा दिसल्या पाहिजेत, वरपासून खालपर्यंत एकसारख्या. त्या रेघांतच तेल थांबतं आणि नव्या रिंगा त्यांच्यावरच बसतात. होनिंगनंतर बोअर नुसता पेट्रोलने पुसणं पुरत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन घासायचा, मग तेल लावलेलं पांढरं फडकं फिरवायचं. फडक्यावर करडा डाग आला की परत घासायचा. तो करडा रंग म्हणजे होनिंगच्या दगडाची भुकटी, आणि ती आत राहिली तर नव्या रिंगा थोड्याच दिवसांत खाऊन टाकते. फडकं कोरं येईपर्यंत आमच्याकडचा पोरगा ब्लॉकजवळून हलत नाही. हे काम हाताने चिकाटीने करावं लागतं, म्हणून ते सर्रास टाळलं जातं. हेडचे आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट एकदाच ताणायचे असतात, ते जुनेच लावू देऊ नका.

196 च्या बेताला फोर्ज्ड पिस्टन लागत नाहीत. रुंद ऑइल रिंगांचे सुधारित पिस्टन घ्या, पण पिस्टन पिनचा व्यास तुमच्या रॉडला जुळतो का ते मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून त्यांना फट जास्त ठेवावी लागते, आणि हिवाळ्यात सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन खडखडतं. हेड उतरलेलंच आहे तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन काढून घ्या. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात ते व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत. वाचलेले पैसे ब्रेक, टायर आणि चांगल्या इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरला) घाला. मे महिन्यात ताम्हिणी चढताना आत येणारी हवा तापली की ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) इग्निशन मागे खेचतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि कागदावरच्या हॉर्सपॉवर कागदावरच राहतात. मॅप करून घेताना रोज कुठलं पेट्रोल भरणार ते ट्यूनरला आधी सांगा. 100 ऑक्टेनवर केलेला मॅप आणि टाकीत साधं पंपावरचं, हे चालत नाही.

कायद्याचंही सांगतो, प्रश्नात विचारलं नसलं तरी. आरसीवर लिहिलेल्या मूळ माहितीशी विसंगत बदल करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘स्टेज 2’ म्हणजे ट्यूनिंगचा पुढचा टप्पा म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून टाकतात, ते तर सरळ प्रदूषणाच्या नियमात अडकतं. इंजिन मूळ मापात बांधणं ही दुरुस्ती आहे. मॅप बदललात तर विमा कंपनीला लेखी कळवा, क्लेमच्या वेळी तेच आधी उकरलं जातं.

खर्चाचा आकडा ब्लॉक मोजल्याशिवाय देणारा माणूस अंदाजपंचे बोलतोय. नुसत्या होनिंगवर भागलं तर एक हिशोब, बोअर लंबगोल निघाला तर वेगळाच. ब्लॉक द्यायला याल तेव्हा नवे पिस्टन सोबत आणा, चारही. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोअर करतात. पिस्टन नंतर आणतो म्हणालात तर मी ब्लॉक ठेवून घेईन, पण मशीनवर चढवणार नाही.